परतीची वेळ

गेली सात वर्षे आमच्या घरात ‘गुहा’ हा शब्द उच्चारण्याची सोय नव्हती. कोणी चुकून उच्चारलाच, तर वहिनी काही न बोलता स्वयंपाकघरात निघून जात आणि पुढला अर्धा तास भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येई. याला कारण आम्हीच होतो.

झाले होते असे. देवदर्शन आटोपून परत येताना डोंगराच्या कुशीतले एक लहानसे देऊळ लागले. देवळामागून एक भुयारी वाट आत गेली आहे, असे तेथल्या पुजाऱ्याने सांगितले. आम्ही पाच जण मोठे आणि सहावा दहा वर्षांचा पुतण्या. जवळ एक विजेरी आणि दोन मोबाइल. “पाच मिनिटांत येतो,” असे वहिनींना सांगून आम्ही आत शिरलो. पुतण्या विजेरी घेऊन पुढे धावला. वाटेला दोन ठिकाणी फाटे फुटले होते, हे आत जाताना आमच्या ध्यानातही आले नाही. थोड्या वेळाने पुढून काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि उजेड गेला.

रात्रीच्या अंधाराला आपण काळोख म्हणतो, पण त्यात चांदणे असते, लांबचा एखादा दिवा असतो. गुहेतल्या काळोखात यांपैकी काहीच नसते. डोळ्यांपुढे धरलेला स्वतःचा हात दिसत नाही. पोराचे रडणे ऐकू येत होते. परंतु ते कोणत्या बाजूने येते आहे, हे उमगत नव्हते. दोन मोबाइलांपैकी एक विझण्याच्या बेतात होता. पाय मुरगळून बसलेल्या त्या मुलाला शोधून, खांद्यावर घेऊन बाहेर येईपर्यंत पाऊण तास उलटून गेला. वहिनी देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “पाच मिनिटं म्हणाला होतात, भाऊजी.”

तो मुलगा आता सतरा वर्षांचा झाला. गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना त्यानेच विषय काढला, “काका, बेलमच्या गुहा पाहायला जाऊ या का?” आम्ही ताटात मान घातली. वहिनींनी मात्र या वेळी उठून जाण्याऐवजी चिवड्याचा डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “जा. पण आधी मला कागदावर लिहून द्या. कुठे जाणार, केव्हा, कोणाबरोबर, काय घेऊन आणि परत कधी. पाची उत्तरं पटली, तर जा.”

तो कागद लिहिण्यासाठी आम्हांस दोन महिने लागले. पुस्तके चाळली, जाणकारांना विचारले, पूर्वी केलेल्या चुकांची यादी मांडली. आमच्यासारख्या नवशिक्या कुटुंबांस उपयोगी पडावा, म्हणून तोच कागद थोडा विस्ताराने येथे देत आहोत.

लेणे वेगळे, गुहा वेगळी

आपण मराठी माणसे गुहा म्हटले की अजिंठा, वेरूळ, कार्ले ही नावे घेतो. परंतु ती लेणी आहेत. माणसाने छिन्नी-हातोडा घेऊन कोरलेली. तेथे आत जाण्याची आणि बाहेर येण्याची वाट कोरणाऱ्यानेच विचारपूर्वक ठेवलेली असते. महाराष्ट्राचा आणि माळव्याचा बहुतेक भाग काळ्या बसाल्ट खडकाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरलेल्या लाव्हारसाचा. हा खडक कोरावयास उत्तम, पण तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून आपल्याकडे लेण्यांची समृद्धी आणि खोल नैसर्गिक गुहांची वाण. आम्हां हैदराबादकरांच्या भोवती ग्रॅनाइटचे प्रचंड गुंड आहेत; त्यांच्या सांदीत सावली मिळते, गुहा मिळत नाही.

तिसरा प्रकार शैलाश्रयांचा, म्हणजे खडकाच्या पुढे आलेल्या कपारीखालच्या निवाऱ्यांचा. भोपाळजवळची भीमबेटका हे त्याचे थोर उदाहरण. नीमचला जन्मलेले आणि उज्जैनला कर्मभूमी केलेले डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली तेथील चित्रे जगापुढे आणली, हे माळव्यातील मराठी घरांना सांगावयास नकोच. २००३ साली ते स्थळ जागतिक वारसा ठरले. मात्र तेथेही माथ्यावर आभाळ दिसते आणि दिवसाचा उजेड साथ सोडत नाही.

खरी गुहा बहुधा चुनखडीच्या प्रदेशात घडते. पावसाचे पाणी हवेतून व मातीतून कर्बाम्लवायू शोषून किंचित आंबट होते. ते खडकाच्या भेगांत झिरपते आणि हजारो-लाखो वर्षे त्या भेगा विरघळवीत, रुंदावीत जाते. पुढे छतातून ठिबकणारे तेच पाणी विरघळलेला चुना थेंबाथेंबाने पुन्हा खाली ठेवते. छतापासून लोंबणारे अधोमुखी लवणस्तंभ आणि जमिनीतून उठणारे ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ घडतात ते असे. एक गोष्ट येथेच ध्यानात ठेवावी: गुहा पाण्याने केलेली आहे आणि पुष्कळदा तिची मालकी अजूनही पाण्याकडेच असते. माणसाच्या सोयीची वाट तेथे कोणी आखलेली नसते. ही एक गोष्ट पटली की पुढची सारी सावधगिरी आपोआप पटते.

कुठे?

पहिली गुहा दिवे असलेली, पायवाट बांधलेली आणि तिकीट काढून पाहावयाची असावी. यात कमीपणा कसलाच नाही. बंदिस्त जागेत आपला जीव घाबरतो का, वाकून चालताना कंबर साथ देते का, दमट हवेत दम लागतो का, हे आधी माहीत करून घेण्याची ती सुरक्षित जागा आहे. यांतील काही ‘होय’ निघाले, तर चार पावलांवर जिना असतो.

आम्ही बेलम निवडले. आंध्र प्रदेशातील हे ठिकाण पूर्वी कर्नूल जिल्ह्यात होते. २०२२ पासून ते नंद्याल जिल्ह्यात मोडते. ब्रिटिश भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ साली या गुहांची नोंद केली. (हेच फूटसाहेब पुढे बडोदा संस्थानचे भूवैज्ञानिक झाले आणि १८९८ साली त्यांचा बडोदा राज्याच्या भूरचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बडोदेकर वाचकांस ही ओळख जवळची वाटेल.) त्यानंतर जवळजवळ शतकभर गुहांकडे कोणी फारसे फिरकले नाही. १९८२ आणि १९८३ साली डॅनिएल गेबाउअर यांच्या जर्मन तुकडीने आतील मार्ग मोजून नकाशा केला. एकूण लांबी ३,२२९ मीटर भरली. २००२ साली पर्यटकांसाठी दार उघडले. आज सुमारे दीड किलोमीटरचा भाग पाहता येतो.

दुसरी पायरी म्हणून आम्ही बस्तरमधील कोटमसर लिहिले. जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्यातील राष्ट्रीय उद्यानात ही गुहा आहे. भूगोलाचे अभ्यासक डॉ. शंकर तिवारी यांनी १९५०च्या दशकात तिचा अभ्यास केला. आत बेलमसारखी दिव्यांची रांग नाही. वनखात्याच्या व्यवस्थेतील वाटाड्याबरोबर दिवा घेऊन जावे लागते. तेथल्या पाण्यात पिढ्यान् पिढ्या काळोखात राहून दृष्टी गमावलेले छोटे मासे आहेत.

मेघालय हे तिसरे आणि सर्वांत मोठे विद्यापीठ. खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. १९९२ पासून स्थानिक आणि परदेशी गुहासंशोधक तेथे मोजणी करीत आले आहेत. जैंतिया टेकड्यांतील क्रेम लियाट प्राह ही तीस किलोमीटरांहून लांब भरली. २०१८ साली मोजलेली क्रेम पुरी ही वालुकाश्मातील गुहा साडेचोवीस किलोमीटरांची निघाली. सोहऱ्याजवळची मॉस्माई ही दिवे लावलेली छोटी गुहा नवशिक्यांस चालेल. बाकीच्यांचा विचार पुष्कळ अनुभवानंतर आणि जाणत्या पथकाबरोबरच करावा. दोर बांधून उतरावयाच्या आणि पोहून जावयाच्या गुहा आम्ही कागदावरून सरळ खोडून टाकल्या.

केव्हा?

या प्रश्नाचे उत्तर वहिनींनी सर्वांत बारकाईने वाचले. नियम एका ओळीचा आहे: पावसाळ्यात गुहेत शिरू नये, आणि पावसाळा नसतानाही आभाळ भरलेले असेल तर बेत रद्द करावा. आपल्या डोक्यावर ऊन असले, तरी चार कोसांवरच्या डोंगरात पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून गुहेत येऊ शकतो.

थायलंडमधील थाम लुआंगची घटना बहुतेकांना आठवत असेल. २३ जून २०१८ रोजी फुटबॉल खेळणारी बारा मुले आणि त्यांचा तरुण प्रशिक्षक सहज म्हणून गुहेत गेले. पाऊस आला, मागची वाट पाण्याने भरली. २ जुलैला ब्रिटिश पाणबुड्यांना ती मुले तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत एका कपारीवर जिवंत सापडली. ८ ते १० जुलै या तीन दिवसांत सर्व तेरा जणांना बाहेर काढण्यात आले. परंतु मदतीस आलेल्या समान कुनान या माजी नौसैनिक पाणबुड्याचा त्यापूर्वीच, ६ जुलै रोजी, त्या कामात अंत झाला. पाणी उपसण्याच्या कामी सल्ला देण्यासाठी किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञ तेथे गेले होते. ज्या उद्योगाचा उगम लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगावातील सायकलच्या दुकानात झाला, त्याचे पाणी उपसण्याचे ज्ञान त्या दूरच्या देशात कामी आले, याचे समाधान आहेच. पण मोठी माणसे, यंत्रे आणि सैन्य यांची ही सारी धावपळ ज्या कारणाने झाली, ते कारण किती साधे होते, हे पालकांनी विसरू नये. मुले वाईट नव्हती. वेळ वाईट निवडली होती.

कोटमसर पावसाळ्यात बंदच असते. मेघालयात नोव्हेंबर ते मार्च हे कोरडे महिने. ज्या सोहरा-मॉसिनरामला वर्षाला अकरा हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे इतर काळी गुहेचे नावही काढू नये. रायलसीमेत ऑक्टोबर-नोव्हेंबरातही पाऊस येतो आणि मार्चनंतर ऊन सोसवत नाही. म्हणून बेलमसाठी आम्ही जानेवारी धरला.

कोणाबरोबर?

एकट्याने मुळीच नाही. जाणकारांच्या मते किमान चौघे हवेत: एकाला दुखापत झाली, तर एकाने त्याच्यापाशी थांबावे आणि दोघांनी मिळून मदतीस जावे. फार मोठी मंडळीही नको. वीस जणांच्या घोळक्यात कोण मागे राहिले, हे लवकर कळत नाही. आम्ही सहा जण ठरवले आणि प्रत्येकाची जोडी लावली. सर्वांत पुढे वाटाड्या, सर्वांत मागे एक जबाबदार मोठे माणूस, आणि चालण्याचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा. पुढे धावण्याची मुभा कोणालाच नाही.

अनोळखी गुहेत स्थानिक वाटाड्या हवाच. त्याला वाटा माहीत असतात. शिवाय कोणत्या महिन्यात कोठे पाणी भरते, तोंडाशी मधमाश्यांची पोळी आहेत का, अस्वलाचा वावर आहे का, हेही तोच सांगू शकतो. जंगलातील गुहेस वनखात्याची परवानगी लागते. बेळगावकडच्या वाचकांना दांडेलीजवळची कवळा गुहा ठाऊक असेल. तेथे लवणस्तंभालाच शिवलिंग मानून पूजितात. तीही राखीव अरण्यात आहे. देवाला जावयाचे म्हणून परवानगी नको, असे समजू नये.

दमा, हृदयविकार, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया किंवा बंदिस्त जागेची भीती असलेल्यांनी डॉक्टरांस विचारावे आणि लाज न बाळगता वर थांबावे. आमच्या थोरल्या बंधूंचा गुडघा दुखतो. त्यांनी स्वतःहूनच वर बसण्याचे काम पत्करले. ते किती महत्त्वाचे काम आहे, हे पुढे येईलच.

काय घेऊन?

सात वर्षांपूर्वी सहा जणांत एक विजेरी होती. जाणकारांचा नियम याच्या नेमका उलट आहे: बिनदिव्याच्या गुहेत दर माणशी तीन दिवे, तेही एकमेकांवर अवलंबून नसलेले. पहिला कपाळावर बांधावयाचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. दुसरा तसाच, पिशवीत. तिसरा लहानसा, गळ्यात किंवा खिशात. शिवाय नवे सेल. मोबाइलचा उजेड या तिहींत धरावयाचा नाही. तो हातातून निसटतो आणि नेमक्या वेळी संपतो. तीनपैकी एक दिवा बिघडला की सर्वांनी मागे फिरावे. दोन शिल्लक आहेत म्हणून पुढे जाऊ नये.

डोक्यावर हनुवटीखाली पट्टा असलेले हेल्मेट हवे. गुहेत अपघात होतात ते बहुधा डोके आपटून आणि पाय घसरून. म्हणून पायांत घोटा झाकणारे, तळाला खाचा असलेले बूट. चपला किंवा सँडल नव्हेत. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा व पायजमा किंवा विजार. पदर, ओढणी, लोंबते दागिने नकोत. रांगावे लागणार असेल, तर गुडघ्यांना पट्टे आणि हातमोजे. खोल गुहेतील हवा साधारणतः त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाइतकी राहते. म्हणून बेलममध्ये उकडते आणि घाम फुटतो, तेथे हलके सुती कपडे बरे. मेघालयात आत गारवा आणि वाहते पाणी, तेथे भिजलेला सुती कपडा अंग गारठवतो, म्हणून लोकरी किंवा लवकर वाळणारा कपडा घ्यावा.

दर माणशी एक लिटर पाणी, प्रथमोपचाराची पेटी, शिट्टी, आणि थोडा फराळ. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चिक्की घेतली. खावयाचे ते बाहेर येऊनच, किंवा आत अगदी गरज पडली तर, आणि कणही न सांडता. काळोखात राहणाऱ्या जीवांना आपल्या उष्ट्याची सवय नाही.

आत कसे वागावे?

वहिनींच्या पाच प्रश्नांत हा नव्हता, पण लिहिल्यावाचून कागद पुरा होत नाही.

फाटा आला की थांबावे आणि मागे वळून पाहावे. जातेवेळी दिसणारी वाट आणि येतेवेळी दिसणारी वाट या दोन निराळ्या वाटा वाटतात. आम्ही सात वर्षांपूर्वी एकदाही मागे पाहिले नव्हते. भिंतीवर खुणा मात्र करू नयेत. खूण मनात ठेवावी.

डोके दुखू लागले, धाप लागली, विनाकारण गळल्यासारखे झाले, तर ती हवेत कर्बाम्लवायू वाढल्याची सूचना असू शकते. तर्क करीत बसू नये, ताबडतोब बाहेर निघावे. मेणबत्ती विझली म्हणजे हवा वाईट, हे खरे. पण मेणबत्ती जळते म्हणून हवा चांगली, हा समज खोटा आहे.

वटवाघळांवर प्रकाशझोत मारू नये, त्यांना हात लावू नये. त्यांच्या विष्ठेचे ढीग असतील, तर ते तुडवू नयेत. त्यात वाढणाऱ्या एका बुरशीपासून फुप्फुसांचा विकार होऊ शकतो. गुहेच्या तोंडाशी धूर करू नये, उग्र अत्तर लावून जाऊ नये. आग्या मोहोळ उठले, तर पळावयास जागा नसते.

आणि लवणस्तंभाला हात लावू नये. हाताचा तेलकटपणा बसला, की पुढला थेंब तेथे नीट बसत नाही. असा स्तंभ शंभर वर्षांत पुष्कळदा एखादा सेंटिमीटरच वाढतो. वीतभर तुकडा तोडणारा हजारो वर्षे तोडतो. तो तुकडा केवळ शोभेचा नसतो. सोहऱ्याजवळच्या मॉम्लू गुहेतील एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभाच्या थरांत सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या दीर्घ अवर्षणाची खूण शास्त्रज्ञांना सापडली. २०१८ साली पृथ्वीच्या इतिहासातील त्या काळापासून आजपर्यंतच्या कालखंडास ‘मेघालयन’ असे नाव देण्यात आले. आपल्या पावसाची जुनी वही अशी गुहेत लिहून ठेवलेली आहे. तिचे पान फाडून घरी आणू नये.

परत कधी?

कागदावरचा हा शेवटचा रकाना, पण भरावयाचा तो सर्वांत आधी. त्यात तीन वेळा लिहाव्यात. पहिली, मागे फिरण्याची: ती वेळ झाली की समोर कितीही सुंदर काही असले, तरी पाठ फिरवावी. येताना चढ असतो आणि अंग थकलेले असते. एक तास आत गेलात, तर परतीस दीड तास धरावा. दुसरी, तोंडाशी पोहोचण्याची. तिसरी, ती उलटली तर वरच्या माणसाने मदत बोलावण्याची. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेत थोडी सैल ठेवावी, म्हणजे उगाच धावपळ होत नाही. पण तिसरी वेळ उलटली की वरच्याने “येतीलच आता” असे म्हणत बसू नये.

गुहेत मोबाइल चालत नाही. म्हणून हा कागद बाहेर थांबणाऱ्याच्या हातात हवा. त्यावर आत गेलेल्यांची नावे व वये, कोणती वाट, वाटाड्याचा आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक, व ११२ हा आपत्कालीन क्रमांक. बाहेर आल्याबरोबर त्या माणसाला आधी भेटावे, मग चहा प्यावा. “पाच मिनिटांत येतो” हे वाक्य गुहेच्या तोंडाशी कोणी उच्चारू नये. वेळ सांगावयाची, तर घड्याळातली सांगावी.

बेलम

वहिनींनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “ठीक आहे. मीही येते.”

जानेवारीत काचिगुड्याहून रात्रीच्या गाडीने ताडपत्रीला उतरलो. गावात विजयनगरच्या काळातील दोन सुरेख देवळे आहेत, बुग्गा रामलिंगेश्वराचे आणि चिंतल वेंकटरमणाचे. त्यांचे दर्शन घेऊन बेलम गाठले. सपाट माळावर विहिरीसारखे खड्डे दिसतात, एवढेच. त्यांतील एकातून जिना उतरतो. थोरले बंधू वर सावलीत बसले. मांडीवर कागद, हातात घड्याळ. आम्ही साडेदहाला उतरलो. मागे फिरण्याची वेळ पावणेबारा, वर येण्याची साडेबारा.

आतले वर्णन आम्ही थोडक्यातच करतो, कारण ते ज्याचे त्याने पाहावे. पाण्याने घासून गुळगुळीत केलेल्या भिंती, वडाच्या पारंब्यांसारखे लोंबणारे लवणस्तंभ, कोटिलिंगांचे दालन, ठोकले असता सूर निघतात अशा खडकांची ‘सप्तस्वर’ गुहा. जागोजागी दिवे आणि वरून हवा सोडण्याची सोय आहे, तरीही दमटपणा जाणवतो. पुतण्या जोडीच्या नियमाप्रमाणे आपल्या आईबरोबर चालत होता. प्रत्येक फाट्याशी तो थांबे, मागे वळून पाही आणि आईलाही पाहावयास लावी.

पाताळगंगा हे गुहेतील सर्वांत खोल ठिकाण, पृष्ठभागापासून सुमारे ४६ मीटर खाली. तेथे एक झरा वाहत येऊन खडकात अदृश्य होतो. मुलाने ज्यासाठी हट्ट धरला होता, ते हेच. त्या उतरणीच्या तोंडाशी आलो, तेव्हा साडेअकरा झाले होते. वहिनी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. घाम पुसत म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या, मी इथेच थांबते.” आम्हांसही तसेच करावेसे वाटले, हे कबूल केले पाहिजे. पंधरा मिनिटे हातात होती आणि झरा खालीच होता.

पुतण्याने एकदा खाली पाहिले. मग म्हणाला, “नाही आई. जोडी आहे आपली. चल, वर जाऊ.” त्याने त्यांच्या हातातील पिशवी घेतली आणि तो वळला. आम्ही सारेच वळलो.

बारा वाजून अठरा मिनिटांनी आम्ही वर आलो. थोरल्या बंधूंनी घड्याळ पाहिले, कागदावर वेळ लिहिली आणि सहा नावांपुढे सहा खुणा केल्या. उन्हात बसून पाणी पिताच वहिनींना बरे वाटले, दशम्या सोडल्या. पाताळगंगा कोणीच पाहिली नव्हती आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

परतीच्या गाडीत वहिनींनी तो कागद मागून घेतला, घडी घालून आपल्या पिशवीत ठेवला आणि मुलाला म्हणाल्या, “कोटमसर पावसाळ्यात बंद असतं म्हणालास ना? मग दिवाळीनंतरची तारीख बघ. कागद मात्र या वेळी तू लिही.”